पोलादी लक्ष्यांची नेमबाजी : पिस्तूल व बोअरची निवड

गोळी लागताच मागे कोसळणाऱ्या पोलादी तबकड्यांवर किंवा आकृत्यांवर पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर यांनी नेम साधण्याचा क्रीडाप्रकार. कागदी लक्ष्यावर गोळी कोणत्या वर्तुळात लागली हे मोजून गुण दिले जातात. येथे लक्ष्य पडले की गुण मिळतो, न पडल्यास मिळत नाही. निकाल डोळ्यांना तत्काळ दिसत असल्याने हा प्रकार प्रेक्षकांना व नवशिक्यांना आकर्षक वाटतो. तथापि त्यात एक अडचण आहे. गोळी लक्ष्यास लागूनही लक्ष्य उभेच राहण्याचा संभव असतो. त्यामुळे शस्त्र केवळ अचूक असून भागत नाही. लक्ष्य पाडण्याइतका आघात करण्याची क्षमताही त्यात असावी लागते. ही क्षमता किती हवी, ती कशावर अवलंबून असते आणि कमीत कमी खर्चात ती कशी साधता येते, हा पिस्तूल व बोअर (नळीचा अंतर्व्यास) यांच्या निवडीतील मुख्य प्रश्न होय.

इतिहास : पशूंच्या आकृतीची पोलादी लक्ष्ये पाडण्याची स्पर्धा मेक्सिकोत विकसित झाली. पूर्वी तेथे जत्रांमधून जिवंत कोंबड्या, मेंढे इ. दूरवर बांधून त्यांवर नेम धरण्याची प्रथा होती. १९४८ च्या सुमारास जिवंत प्राण्यांऐवजी पोलादी पत्र्यातून कापलेल्या कोंबडी, रानडुक्कर, टर्की व मेंढा यांच्या आकृत्या वापरात आल्या. हा खेळ पुढे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पसरला आणि १९७५ नंतर त्याचा पिस्तुलांसाठी स्वतंत्र प्रकार तयार झाला. त्यात लक्ष्ये ५० ते २०० मी. अंतरावर ठेवली जातात. दूरचा जड मेंढा पाडण्यासाठी मोठ्या बोअरची, महागड्या काडतुसांची शस्त्रे लागू लागली. म्हणून लवकरच ·२२ बोअरसाठी लहान आकृत्यांचा व निम्म्या अंतराचा पोटप्रकार सुरू करण्यात आला.

व्यावहारिक नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया (मिसूरी) येथे स्थापन झाली. तिच्या स्पर्धांत कागदी लक्ष्यांबरोबर पडणारी पोलादी लक्ष्येही असतात. १९७९ मध्ये सुरू झालेल्या बियांची चषक स्पर्धेत ८ इंच (सु. २० सेंमी.) व्यासाच्या सहा तबकड्या ओळीने पाडाव्या लागतात. केवळ पोलादी लक्ष्यांना वाहिलेली ‘स्टील चॅलेंज’ ही स्पर्धा १९८१ मध्ये सुरू झाली. तीत मात्र लक्ष्ये पडत नाहीत, गोळीचा आवाज व वेळ मोजली जाते.

हिवाळी ऑलिंपिकमधील बायथलॉन या प्रकाराचा इतिहास या संदर्भात उद्‌बोधक आहे. बर्फावरील घसरशर्यत व रायफल नेमबाजी यांच्या या संयुक्त खेळात प्रारंभी लष्करी दर्जाच्या मोठ्या बोअरच्या रायफली वापरीत. १९७८ पासून ·२२ बोअर स्वीकारण्यात आला आणि नेमाचे अंतर ५० मी. ठरले. आडव्या स्थितीतील नेमासाठी ४५ मिमी. व उभ्या स्थितीतील नेमासाठी ११५ मिमी. व्यासाची लक्ष्ये असतात. काडतूस लहान झाले, तसे अंतर व लक्ष्यही त्याला अनुरूप झाले. खेळाची कसोटी त्यामुळे सौम्य झाली नाही. खर्च व धोका मात्र कमी झाले.

लक्ष्य पडण्याचे तत्त्व : जाहिरातींतून व बोलण्यातून गोळीच्या ‘शक्ती’चा उल्लेख होतो, तेव्हा बहुधा तिची गतिज ऊर्जा अभिप्रेत असते. लक्ष्य पाडण्याच्या दृष्टीने हे परिमाण दिशाभूल करणारे आहे. गोळी पोलादावर आदळते तेव्हा तिच्या ऊर्जेचा बहुतेक सर्व भाग शिसे चपटे होणे, फुटणे, तापणे व आवाज यांत खर्ची पडतो. ·२२ बोअरच्या गोळीची ऊर्जा सु. ११७ जूल असली, तरी ३ किग्रॅ. वजनाच्या तबकडीस त्यातून जेमतेम एक हजारांश भाग मिळतो. याउलट टकरीत संवेग, म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, अक्षय्य राहतो. शिसे आघातानंतर तबकडीच्या पृष्ठाला लागून चहूकडे पसरते, मागे फारसे उसळत नाही. त्यामुळे गोळीचा जवळजवळ सर्व संवेग लक्ष्याकडे जातो. तोच लक्ष्याला ढकलतो.

पुढील उदाहरणावरून हा भेद स्पष्ट होईल. ९ मिमी. पॅराबेलम काडतुसाची ८ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदास ३५० मी. वेगाने जाते, तर ·४५ बोअरची १४·९ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदास सु. २५५ मी. वेगाने जाते. दोहोंची ऊर्जा जवळजवळ सारखी, अनुक्रमे सु. ४९० व ४८४ जूल आहे. संवेग मात्र अनुक्रमे २·८ व ३·८ किग्रॅ. मी./से. आहे. ऊर्जा सारखी असूनही जड व मंद गोळी लक्ष्यास तिसऱ्या हिश्शाहून अधिक जास्त धक्का देते. व्यावहारिक नेमबाजीच्या नियमांत काडतुसाचा दर्जा ठरविण्यासाठी गोळीचे वजन व वेग यांचा गुणाकारच घेतात, ऊर्जा घेत नाहीत. त्याचे कारण हेच. या नियमांतील किमान अंक १२५ हा आहे. मेट्रिक परिमाणात तो सु. २·४७ किग्रॅ. मी./से. इतका भरतो.

लक्ष्य उलटण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य पायाच्या मागच्या कडेपलीकडे जावा लागतो. त्यासाठी लागणारा संवेग लक्ष्याचे वजन, उंची, पायाची रुंदी आणि गोळी किती उंचीवर लागली यांवर अवलंबून असतो. पायाची रुंदी दुप्पट केली की लागणारा संवेग सु. दुप्पट होतो. गोळी लागण्याची उंची निम्मी झाली तरीही तो दुप्पट होतो. म्हणजे तबकडीच्या माथ्याजवळ लागलेली हलकी गोळी जे काम करते, ते पायथ्याशी लागलेल्या जड गोळीला कदाचित साधणार नाही.

बोअरांची तुलना : २० सेंमी. उंच, तितकीच रुंद व १ सेंमी. जाड अशी चौकोनी पोलादी तबकडी घेतल्यास तिचे वजन सु. ३·१४ किग्रॅ. भरते. ती ४ सेंमी. रुंदीच्या पायावर, न घसरता, उभी आहे असे मानू. गणिताने असे आढळते की, बरोबर मध्यावर लागलेल्या गोळीचा संवेग किमान ०·७२ किग्रॅ. मी./से. असल्यास ती उलटते. वेग नळीच्या लांबीनुसार व काडतुसाच्या बनावटीनुसार बदलत असल्याने पुढील आकडे स्थूलमानाचे समजावेत.

·२२ लाँग रायफल काडतुसाची गोळी २·६ ग्रॅ. वजनाची असते व पिस्तुलातून ती सेकंदास सु. ३०० मी. वेगाने सुटते. तिचा संवेग ०·७८ आहे. ती पायथ्यापासून सु. ९ सेंमी. वर लागल्यास तबकडी पडते, म्हणजे तबकडीचा वरचा निम्म्याहून थोडा अधिक भाग तिला उपयोगी पडतो. ·३२ बोअरच्या स्वयंभरण पिस्तुलाची ४·६ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदास २७५ मी. वेगाने गेल्यास संवेग १·२७ होतो. तिला पायथ्यापासून सु. ५·७ सेंमी. उंची लागते. ·३२ बोअरच्याच लांब रिव्हॉल्व्हर काडतुसाची ६·३५ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदास २२० मी. वेगाने गेल्यास संवेग १·४० भरतो, तिला सु. ५ सेंमी. उंची पुरते. ९ मिमी. गोळीस २·६ सेंमी. व ·४५ बोअरच्या गोळीस १·९ सेंमी. उंची पुरेशी होते.

या आकड्यांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. ·२२ वरून ·३२ वर आल्याने तबकडीचा उपयुक्त भाग सु. ५४ टक्क्यांवरून ७२ ते ७५ टक्क्यांवर जातो. हा लाभ मोठा आहे. ९ मिमी. वरून ·४५ वर गेल्यास मात्र तो ८७ टक्क्यांवरून सु. ९० टक्क्यांवर, म्हणजे जेमतेम तीन टक्क्यांनी वाढतो. धक्का, आवाज व खर्च मात्र पुष्कळच वाढतात. दुसरे असे की, ·३२ बोअरच्या दोन काडतुसांपैकी स्वयंभरण पिस्तुलाच्या काडतुसाची ऊर्जा अधिक असूनही पाडण्याची क्षमता रिव्हॉल्व्हरच्या जड गोळीची थोडी अधिक आहे. अर्थात आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळीचा वेग कमी पडतो आणि ही आघाडी पुसली जाऊ शकते. नावात ‘बत्तीस’ हा समान अंक असला, तरी ही दोन काडतुसे भिन्न आहेत व एकाऐवजी दुसरे वापरता येत नाही.

लक्ष्याचे प्रमाण : आतापर्यंतचे विवेचन लक्ष्य ठरलेले आहे व शस्त्र निवडावयाचे आहे, असे गृहीत धरून केले. खर्चाचा विचार करणाऱ्या नेमबाजाने, व विशेषतः नेमबाजी मंडळाने, हा प्रश्न उलटा मांडणे हिताचे ठरते. लक्ष्याची सर्व मापे निम्मी केली, तर त्याचे वजन एक अष्टमांश होते. आणि ते उलटविण्यासाठी लागणारा संवेग त्याहूनही कमी, सु. अकरावा हिस्सा होतो. मापे एक चतुर्थांश केल्यास संवेग १२८ व्या हिश्शावर येतो. अंतरही त्याच प्रमाणात कमी केले की नेमबाजाच्या डोळ्याला लक्ष्य पूर्वीइतकेच लहान दिसते. ४० मी. अंतरावरील २० सेंमी. तबकडी आणि १० मी. अंतरावरील ५ सेंमी. तबकडी या नेम धरण्याच्या दृष्टीने सारख्याच कठीण होत.

वरील तबकडीची ५ सेंमी. उंचीची प्रतिकृती पाडण्यास केवळ ०·००५६ किग्रॅ. मी./से. संवेग पुरतो. ४·५ मिमी. हवाई पिस्तुलाचा अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदास १५० मी. वेगाने गेल्यास त्याचा संवेग ०·०७५, म्हणजे आवश्यकतेच्या तेरापट असतो. इतकी लहान लक्ष्ये अरुंद पायावर वाऱ्याने पडतात. पुण्यात वळवाच्या पावसापूर्वी सुटणाऱ्या वाऱ्यात उघड्या मैदानावर तर ती उभी राहणेही कठीण. परंतु आघातक्षमता भरपूर शिल्लक असल्याने पाया दुप्पट रुंद करून हा दोष सहज दूर करता येतो. ·२२ बोअरसाठी १० सेंमी. उंच व ५ मिमी. जाड तबकडी १२ ते १५ मी. वर ठेवल्यास तोच हेतू साधतो. तेथेही गोळीचा संवेग आवश्यकतेच्या बारापट असतो. मग तबकडीच्या कडेस लागलेली गोळीही तिला पाडते आणि ‘लागली पण पडले नाही’ ही तक्रार उरत नाही.

शस्त्राची निवड : शस्त्राची किंमत एकदा द्यावी लागते, काडतुसांची मात्र कायम. आठवड्यातून तीन दिवस, दर दिवशी ६० फैरी असा माफक सराव ठेवला तरी वर्षास नऊ हजारांच्या आसपास फैरी होतात. त्यामुळे ‘परवडणारे पिस्तूल’ म्हणजे ज्याची एक फैर परवडते ते पिस्तूल, असे समजणे योग्य. सर्वसाधारण परवान्यावर वर्षभरात किती काडतुसे घेता येतील ही संख्या नमूद केलेली असते. स्वसंरक्षणासाठी दिलेल्या परवान्यावरील काडतुसांत नियमित सराव होणे शक्य नसते. स्वसंरक्षणासाठी घेतलेले शस्त्र खेळासाठीही वापरू, या कल्पनेने खरेदी करणाऱ्यांची निराशा बहुधा येथेच होते.

हवाई पिस्तूल : प्रारंभासाठी हे सर्वांत स्वस्त साधन होय. छर्रे स्वस्त असतात, धक्का जवळजवळ नसतो आणि १० मी. लांबीची सुरक्षित खोलीही पुरते. ऑलिंपिक दर्जाची आयात पिस्तुले लाखाच्या घरात किंवा त्याहून महाग असली, तरी पाडावयाच्या लक्ष्यांसाठी त्यांची गरज नसते. अशा स्पर्धेतील दहा गुणांचे वर्तुळ ११·५ मिमी. व्यासाचे असते, ५ सेंमी. तबकडीवर नेम साधण्यास मध्यम प्रतीचे, एका झटक्यात हवा दाबली जाणारे पिस्तूल पुरेसे ठरते. त्यात पाहावयाच्या गोष्टी म्हणजे चापाची ओढ गुळगुळीत व नेहमी सारखी असणे, मागील खाच दोन्ही दिशांना सरकविता येणे आणि मूठ हाताच्या मापाची असणे. हवाई पिस्तुलात पोलादी गोट्या वापरून पोलादी लक्ष्यावर मारा कधीही करू नये; त्या परत उसळतात. शिशाचेच छर्रे वापरावेत.

·२२ बोअर : खर्च, अचूकता व आघातक्षमता यांचा सर्वोत्तम मेळ याच बोअरमध्ये आढळतो. सर्वांत स्वस्त काडतूस हेच. धक्का सौम्य असल्याने हात दचकण्याची सवय लागत नाही. मोठ्या बोअरने आरंभ करणाऱ्यांना ही सवय लागली, की ती सुटण्यास दीर्घकाळ जातो. लांब नळीचे, किमान एक किलोग्रॅम ओढीचा चाप असलेले पिस्तूल २५ मी. स्पर्धेलाही चालते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील महिलांच्या २५ मी. पिस्तूल प्रकारात हाच बोअर वापरतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच प्रकारात २०१३ मध्ये चांगवॉन (दक्षिण कोरिया) येथील विश्वचषक स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. २०१८ च्या जाकार्ता-पालेंबांग येथील आशियाई क्रीडा स्पर्धांतही त्यांनी सुवर्णपदक पटकाविले. आशियाई स्पर्धांत वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज होत. लहान बोअर म्हणजे पोरखेळ, हा समज किती निराधार आहे ते यावरून दिसते.

·३२ बोअर : जड तबकड्या पाडावयाच्या असतील, तर भारतात सामान्य परवानाधारकाच्या आवाक्यातील हा व्यवहार्य मोठा बोअर होय. कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेले ·३२ रिव्हॉल्व्हर देशात सर्वपरिचित आहे. ते सहा गोळ्यांचे व मध्ये मोडून भरण्याचे आहे. मात्र त्याची नळी सु. ७६ मिमी. लांबीची व नेम धरण्याची माशी स्थिर असल्याने ते मुख्यतः स्वसंरक्षणाचे शस्त्र आहे. खेळासाठी वापरताना घोडा अंगठ्याने मागे ओढून मगच चाप दाबावा. अन्यथा चापाची जड ओढ नेम हलविते. अंतर १० ते १५ मी. पर्यंतच ठेवावे. स्पर्धेसाठी खास बनविलेली ·३२ पिस्तुले याहून वेगळी असतात. जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धांत २५ मी. सेंटर फायर प्रकारात ६०० पैकी ५९० गुणांची नोंद करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. या प्रकारात ७·६२ ते ९·६५ मिमी. बोअरची शस्त्रे चालतात आणि ·३२ हा त्यातील लोकप्रिय बोअर आहे.

९ मिमी. व त्यावरील बोअर : परदेशी पुस्तकांतून पोलादी लक्ष्यांसाठी ९ मिमी. हा बोअर स्वस्त व पुरेसा म्हणून सुचविलेला असतो. भारतात हा सल्ला लागू पडत नाही. ९ मिमी. पॅराबेलम हा सैन्य व पोलीस यांच्या वापरातील बोअर असून सामान्य नागरिकांसाठी तो निषिद्ध बोअर समजला जातो. त्यामुळे येथील निवड प्रत्यक्षात हवाई पिस्तूल, ·२२ व ·३२ या तिहींतूनच करावी लागते.

कायदा : शस्त्र अधिनियम १९५९ व शस्त्र नियम २०१६ यांनुसार पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर बाळगण्यास परवाना आवश्यक आहे. पुणे शहरात परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. २१ वर्षांखालील व्यक्तीस परवाना मिळत नाही; प्रशिक्षणासाठी विहित अटींवर, देखरेखीखाली शस्त्र वापरण्याची मुभा मात्र आहे. २०१९ च्या सुधारणेने एका व्यक्तीजवळील अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली; मान्यताप्राप्त खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. ४·५ मिमी. पर्यंतच्या बोअरचे व २० जूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेले हवाई शस्त्र परवान्याच्या अटीतून मुक्त आहे. वर उल्लेखिलेल्या छर्ऱ्याची ऊर्जा सहा जूलपेक्षाही कमी भरते. परवान्याची दीर्घ प्रक्रिया चालू असताना नेमबाजी शिकण्याचा मार्ग त्यामुळे खुला राहतो.

पुणे व नेमबाजी : काडतुसे व नेमबाजी या दोहोंशी पुण्याचा जुना संबंध आहे. खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. तेथील काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे असतात. खडकीच्या इंग्रजी अमदानीतील ‘किरकी’ या नावाची ती खूण होय. ·३२ रिव्हॉल्व्हरची काडतुसेही या कारखान्यात तयार झालेली आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत रूपांतर झाल्यावर हा कारखाना म्यूनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेला. तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. शस्त्रास्त्रांच्या अभिकल्पाचे काम करणारी संरक्षण संशोधन संस्था पाषाण येथे आहे.

म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्रीशिवछत्रपती क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारण्यात आली. २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा तेथेच झाल्या. क्रीडानगरीतील नेमबाजी केंद्रामुळे महाराष्ट्रातील होतकरू नेमबाजांना सरावाची जागा मिळाली. ऑलिंपिक पदकविजेते गगन नारंग यांच्या प्रतिष्ठानाने २०११ मध्ये आपली प्रशिक्षण संस्था येथेच सुरू केली. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा पुढे लोकसभेचे सभापती झालेले गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाची स्पर्धा ही नेमबाजांना राष्ट्रीय पातळीकडे नेणारी पायरी ठरली आहे. भारतातील अधिकृत स्पर्धांचा भर कागदी व इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांवर आहे. पडणाऱ्या लक्ष्यांचा उपयोग येथे मुख्यतः सराव, मनोरंजन व नवशिक्यांची गोडी वाढविणे यांसाठी होऊ शकतो. जत्रेत हवाई बंदुकीने फुगे फोडताना जी मौज वाटते, तीच येथे शिस्तीने व मोजमापाने अनुभवता येते.

सुरक्षितता : पोलादी लक्ष्य हे कागदी लक्ष्यापेक्षा अधिक धोक्याचे असते, कारण गोळीचे तुकडे नेमबाजाकडे परत येऊ शकतात. तबकडी कठीण केलेल्या पोलादाची व सपाट असावी. साध्या मऊ पोलादावर खळगे पडतात आणि खळग्यात शिरलेली गोळी वळून मागे फेकली जाते. असे खळगे पडलेले लक्ष्य तत्काळ बाद करावे. तबकडीचा माथा किंचित पुढे झुकविल्यास तुकडे जमिनीकडे जातात. व्यावहारिक नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पोलादी लक्ष्यापासून किमान ७ मी. अंतर राखण्याचे बंधन आहे; १० मी. अंतर राखणे अधिक बरे. नेमबाज व प्रेक्षक या सर्वांनी संरक्षक चष्मे वापरले पाहिजेत, हवाई पिस्तूल असले तरी. अग्निशस्त्रांसाठी कर्णरक्षकही आवश्यक आहेत, मग बोअर ·२२ का असेना. लक्ष्यांमागे मातीचा उंच बांध असावा. शिशाची धूळ शरीरात जाऊ नये म्हणून सरावानंतर हात-तोंड धुवावे व सरावाच्या जागी काही खाऊ नये. पडलेली लक्ष्ये पुन्हा उभी करण्यास जाण्यापूर्वी सर्व शस्त्रे रिकामी करून खाली ठेवली आहेत, याची खात्री प्रमुखाने करून घ्यावी. दोरी ओढून लक्ष्ये उभी करण्याची सोय केल्यास मैदानात जाण्याचे प्रसंगही कमी होतात.

एकंदरीत, नवशिक्याने हवाई पिस्तुलाने १० मी. वरील छोट्या तबकड्यांवर आरंभ करावा. हात स्थिरावल्यावर मंडळाच्या ·२२ पिस्तुलाने सराव करावा. आणि जड तबकड्यांची आवश्यकता खरोखरच निर्माण झाली, तरच ·३२ बोअरचा विचार करावा. लक्ष्य लहान करण्यास लोहाराचे काही तास लागतात. मोठा बोअर मात्र प्रत्येक फैरीगणिक आपली किंमत वसूल करतो.